बर्फावरच्या काठ्या

मित्रांनो, माझ्या अंगावर एक अख्खा हिवाळा आहे, आणि मी स्वतः मात्र बर्फ कधीच बघितलेला नाही. हसू नका. मी एक तांब्याचा पत्रा आहे. वय झालंय, कडा काळवंडल्या आहेत, एका कोपऱ्याला बारीकसा पोचाही आलाय. पण माझ्यावर एक गोठलेली नदी आहे, तिच्या काठाने उघडीबोडकी झाडं आहेत, पलीकडे टेकड्या आहेत आणि जिकडे बघाल तिकडे बर्फच बर्फ. एवढं सगळं एका पत्र्यात मावलं कसं, याचं माझं मलाच आजही नवल वाटतं.

खाणीतलं मला काही आठवत नाही. भट्टी आठवते, आणि रुळांखालून लाटलं जाताना झालेली ओढाताण आठवते. माझ्याबरोबर लाटली गेलेली भावंडं कुठल्या कुठे गेली. कुणाची किटली झाली, कुणाची छपराला लावायची पन्हळ झाली. पन्हळ झालेल्याचा मला अजून हेवा वाटतो. त्याला बर्फ घरबसल्या भेटत असणार.

मी आलो ताईच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे काय, तर एक लांबट खोली, तिला एक मोठी खिडकी, आणि मधोमध एक दांडगं दाबयंत्र. त्याचं चाक ताईच्या खांद्याएवढं उंच. भिंतीलगत पाण्याची पसरट भांडी, वर दोरीवर वाळत घातलेले कागद, आणि सगळ्या खोलीत जवसाच्या तेलाचा आणि शाईचा वास. फोटो घ्यायचा, तो तांब्यावर कोरून उतरवायचा आणि त्या तांब्यावरून शाईने कागदावर छापायचा, हे ताईचं काम. खरं तर तिला ताई म्हणायचा तो तिचा धाकटा भाऊ. पण ऐकून ऐकून मीही ताईच म्हणायला लागलो. बाई तोंडाने फटकळ, नाकावर राग, पण हात असा की माझ्या कडा कानशीने घासताना मला एकदासुद्धा दुखलं नाही.

कारखान्याच्या वरच्या खोलीत तिचे वडील राहायचे. आप्पा. त्यांचं आयुष्य नदीवर गेलं. उन्हाळ्यात नाव चालवायची, आणि हिवाळ्यात नदी गोठली की त्यांचं खरं काम सुरू व्हायचं. हातात लांब दांडा घेऊन ते पहाटे बर्फावर उतरायचे, एकेक पाऊल ठोकून बघायचे, जिथे बर्फ माणसाचा भार पेलेल तिथे झाडाची वाळकी काठी रोवायचे. ह्या काठापासून त्या काठापर्यंत अशी काठ्यांची रांग. मग दोन्ही गावांची माणसं त्या काठ्यांच्या आधाराने ये-जा करायची. शाळेतली पोरं, दूधवाले, वऱ्हाडं, तिरड्या, सगळी त्याच वाटेने.

पुढे वरच्या अंगाला पूल झाला आणि आप्पांचं काम संपलं. लेकीकडे येऊन राहिले खरे, पण मन रमेना. एकदा जिना उतरून कारखान्यात आले आणि दोरीवरच्या चित्रांकडे बघत म्हणाले, "तुझं बरं आहे पोरी. तू केलेलं राहतं. गवंड्याची भिंत राहते, सुताराचा दरवाजा राहतो. माझं काम दर उन्हाळ्यात वाहून गेलं. मी काय केलं आयुष्यभर, ते दाखवायला माझ्याकडे काही नाही."

"असं काय बोलता आप्पा!" ताई रागावली. रागावली म्हणजे तिला वाईट वाटलं. तिची तीच तऱ्हा होती.

त्याच दिवशी तिने मनाशी ठरवलं, आप्पांना त्यांची नदी छापून द्यायची. न वितळणारी. आणि त्या कामासाठी तिने ढिगातून मला उचललं. मी केवढा फुगलो असेन, तुम्हीच विचार करा.

फोटो होता धाकट्या भावाने काढलेला. हा भाऊ फोटोग्राफर. पायाला भिंगरी. घरात कमी आणि डोंगरात जास्त, म्हणून घरचे त्याला भटक्याच म्हणत. पूल व्हायच्या आधीच्या शेवटच्या हिवाळ्यात त्याने टेकडीवर चढून खालच्या नदीचा तो फोटो घेतला होता. ज्या काचेवर तो फोटो उतरला होता, ती मूळ काच नंतर त्याच्याच हातून पडून फुटली. उरली होती ती त्या काचेवरून काढलेली एकच मोठी पारदर्शक फिल्म. ती त्याने ताईच्या हवाली केली, "आप्पांची नदी आहे, जपून," एवढं म्हणाला, आणि गेला पुन्हा डोंगरात.

आता इथे नीट लक्ष द्या, मित्रांनो, कारण जे काही झालं ते इथेच झालं.

बर्फाचं चित्र छापणं म्हणजे साध्यासुध्या माणसाचं काम नव्हे. झाडाझुडपांच्या चित्रात एखादा धुळीचा कण शिरला तर खपून जातो. बर्फावर तोच कण लांबूनही डोळ्यात खुपतो. म्हणून ताई फिल्म खिडकीला लावायची, भिंग घ्यायची आणि डोळ्यात तेल घालून डाग शोधायची. दिसला डाग की बारीक पात्याच्या टोकाने अलगद खरवडायचा. आयुष्यभर हेच केलेलं. त्या दिवशी तिला नदीच्या मधोमध बारीक काळे ठिपके दिसले. केसापेक्षा बारीक. एक, त्याच्या पुढे एक, त्याच्या पुढे एक.

"शी! काय हा कचरा," ती स्वतःशीच पुटपुटली. "ह्या भटक्याला फिल्म नीट ठेवता येईल तर शपथ."

आणि तिने एकेक ठिपका खरवडून टाकला. मी टेबलावर पडून बघत होतो. मलाही तो कचराच वाटला. डाग शोधणाऱ्या डोळ्यांना डागच दिसणार, त्यात तिचा तरी काय दोष?

मग माझी पाळी आली. आधी तिने मला खडूच्या पुडीने घासून लख्ख केलं. मग एका मोठ्या लाकडी पेटीत राळेची अगदी बारीक पूड उडवली आणि मला आत सरकवून दार लावून घेतलं. आत अंधार. वाऱ्याचा मागमूस नाही. आणि वरून माझ्यावर काहीतरी पडायला लागलं. इतकं हलकं, की पडतंय हे कळायलाच वेळ लागला. कण कण करत सगळं अंग भरून गेलं, आणि आवाज म्हणून नाही! बर्फ पडतो म्हणतात तो असाच पडत असेल का हो? मला दुसरं काही माहीत नाही. माझ्यापुरता तोच पहिला बर्फ, आणि तो आठवला की अजून अंगावर शहारा येतो.

बाहेर काढून तिने मला खालून ऊब दिली, तशी ती राळ वितळून माझ्या अंगाला घट्ट चिकटली. तिकडे जिलेटिनच्या कागदावर फिल्म ठेवून तिने त्याला प्रकाश दाखवला होता. तो कागद माझ्यावर दाबून बसवला आणि कोमट पाण्यात बुडवला. कागद सुटून वर आला आणि खाली माझ्या अंगावर जिलेटिनची नदी राहिली. जिथे चित्रात काळोख, तिथे पातळ थर. जिथे बर्फ, तिथे जाड.

मग तपकिरी, गंजाच्या रंगाचं ते पाणी. ते तांबं खातं. पातळ थरातून पाणी आधी आत शिरलं आणि झाडांच्या फांद्या माझ्यात खोल उतरल्या. मग काठाच्या सावल्या. मग टेकड्या. ताई मला एका भांड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवत होती आणि श्वास रोखून बघत होती. कारण बर्फ सगळ्यात शेवटी येतो. पाण्याने त्याला नुसतं शिवायचं असतं. शिवलंच नाही तर कागद कोरा दिसतो, आणि कोरा कागद म्हणजे काही बर्फ नव्हे. जरा जास्त शिवलं तर सगळा बर्फ मळका होऊन बसतो. ताईने ओठ घट्ट दाबले आणि "बस!" म्हणून मला उचललं.

आगीतून फुफाट्यात म्हणतात तसं पुढे झालं. काळी चिकट शाई सगळ्या अंगाला चोपडली गेली. जाळीदार मलमलीने पुसली, आणि शेवटचा हात तिने स्वतःच्या तळहाताने फिरवला. मग ओलसर कागद, त्यावर लोकरीचे जाड तुकडे, आणि वरून दाबयंत्राचा तो दांडगा रूळ. जीव नकोसा झाला. पण रूळ पुढे गेला, ताईने कागदाचं टोक चिमटीत धरून हळूच उचललं, आणि मी वर बघितलं.

माझ्यातली नदी कागदावर होती. झाडांचा काळा रंग मखमलीसारखा दाट, आणि बर्फ असा की कागदातूनच उजेड येतोय. गंमत ऐका. माझ्या अंगावर जिथे सगळ्यात कमी काम झालं होतं, तिथेच सगळ्यात सुंदर दिसत होतं. ताईने कागद खिडकीच्या उजेडात धरला. ती नुसती बघत राहिली. नंतर मात्र तिने भिंग घेतलं आणि बर्फावर अजून तीन-चार बारीक ठिपके राहिलेले तिला सापडले. घोटणी म्हणून एक गुळगुळीत पोलादी टोकाचं हत्यार असतं. त्याने तिने माझ्यावरच्या त्या खळग्या घोटून बुजवून टाकल्या. तो पहिला ठसा शाई पुसायला घेतला आणि दुसरा काढला. एकही डाग नाही. स्वच्छ.

तो ठसा वाळल्यावर तिने आप्पांना हाक मारली. "आप्पा, खाली या. जरा गंमत आहे."

आप्पा कठड्याला धरत खाली आले. ठसा खिडकीपाशी टेबलावर ठेवला होता, शेजारी मी. आप्पांनी बघितलं. खूप वेळ बघितलं. बोटाने काठ दाखवला, "हा आपला उतार." मग झाडं दाखवली, "ही वादळात पडली नंतर." ताईचा चेहरा असा फुलला होता की काय सांगू. मग आप्पांचं बोट नदीवर आलं आणि तिथेच थांबलं.

"सुंदर केलंयस गं," ते म्हणाले. "पण ह्यावरून माणसानं जायचं कसं?"

"म्हणजे?"

"काठ्या कुठं आहेत?"

ताईला आधी कळलंच नाही. आणि मग कळलं. तिच्या हातातलं फडकं खाली पडलं. काच फुटलेली, फिल्म खरवडलेली, आणि मी घोटून गुळगुळीत झालेला. जगात आप्पांच्या कामाची तेवढी एक खूण राहिली होती, आणि ती त्यांच्या लेकीने त्यांच्यासाठीच म्हणून पुसून टाकली होती. होत्याचं नव्हतं झालं.

"आप्पा, मी पुसल्या," ती म्हणाली. "मला वाटलं, डाग आहेत. मी माझ्या हातानं पुसल्या." आणि ती उभ्या उभ्या रडायला लागली. मी तिला रडताना पहिल्यांदाच बघत होतो.

आप्पा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तिच्या पाठीवर थोपटलं. "असू दे. उन्हाळा आला की जायच्याच त्या. ह्या वेळी हिवाळ्यात गेल्या, एवढंच." आणि जिना चढून वर गेले.

भटक्या परत आला तो भांडण घेऊनच. "ताई, आप्पांच्या नदीत काठ्या असतात, हे काय तुला सांगायला पाहिजे होतं?"

"आणि काच कुणी फोडली रे?"

"काच माझ्याकडून फुटली, पण काठ्या तर तू काढल्यास ना!"

"हो, मी काढल्या! घे, आता फाशी दे मला!"

असे दोघं कचाकचा भांडले आणि मग दमून बसले. शेवटी ताईने टोकदार सुई घेतली. लाकडी मुठीची, तांब्यावर टोचून रेघा काढायची सुई असते ती. म्हणाली, "आपणच रोवू. तू सांग कुठं." पण सांगायचं कुणी? भटक्या म्हणे वाट झाडापासून सुरू व्हायची, ताई म्हणे नावेच्या खोपटापासून. दोघंही लहानपणी त्या वाटेवरून असंख्य वेळा गेलेले. पण वाट कोण बघतं? पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघून चालतात सगळे. सुई हवेतच राहिली, आणि माझा जीव टांगणीला.

"आप्पांनाच विचारू," भटक्या म्हणाला.

"मी नाही. मला तोंड नाही त्यांच्यासमोर जायला," ताई म्हणाली. पण गेली तीच.

आप्पा आधी नाहीच म्हणाले. "मला कुठं चित्र काढता येतं? मी नावाडी माणूस. सुई घेऊन काय करू?"

"चित्र नका काढू आप्पा," ताई म्हणाली. "तुम्ही काठ्या रोवा."

त्यावर आप्पा उठले.

माझ्यासमोर बसल्यावर मात्र ते गोंधळले. कारण पत्र्यावर चित्र उलटं असतं. डावीकडचं उजवीकडे. "अगं, ही नदी तर उलटी वाहतेय!" ते म्हणाले. ताईने एक आरसा आणून माझ्यासमोर उभा केला. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, पण ह्या नदीला आरसा लागला. आरशात त्यांची नदी सरळ दिसायला लागली. हात मात्र अजून उलटाच जायचा. सुई डावीकडे न्यायला जावी तर आरशात ती भलतीकडे सरके. आप्पांनी मान डोलावली. "जमेल. दाढी करतोच की रोज."

मग त्यांनी विचारलं, "हा कोणता हिवाळा?"

"पुलाच्या आधीचा," भटक्या म्हणाला. "खोपटाचं छप्पर बसलं होतं बघा, त्या वर्षीचा."

आप्पांनी डोळे बारीक केले. काठाला बर्फ कसा साचलाय, वाऱ्याने तो कुठल्या अंगाला लोटलाय, हे आरशात बघत बसले. "मग वाट वरच्या अंगानं जाते. त्या वर्षी खाली पाणी जागं होतं, नीट गोठलंच नव्हतं."

आणि मित्रांनो, मग त्यांनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. त्यांनी सुई उलटी धरली आणि लाकडी मुठीने माझ्यावर हळूच ठोकलं. टक्. मान वाकडी करून ऐकलं. जरा पुढे, पुन्हा टक्.

"काय ऐकताय आप्पा?" ताईने विचारलं.

"सवय," आप्पा म्हणाले. थोडं थांबून माझ्यावर हात ठेवला. "पक्का आहे. माणूस चालेल."

मला घासलं होतं, तापवलं होतं, रुळाखाली दाबलं होतं. माझ्याकडून काय काय करून घेतलं होतं. पण मी माणसाचा भार पेलेन का, असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी साधा पत्रा. त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं, की माझ्या अंगावर नुसतं चित्र नाही, खरोखरची नदी आहे, आणि तिच्यावरून माणसं घरी जाणार आहेत. माझी छाती अशी भरून आली की काय बोलू.

ते एकेक काठी रोवत गेले. ठोकायचं, ऐकायचं, टोचायचं. त्यांचा हात कापत होता, त्यामुळे काठ्या थोड्या तिरक्या आल्या. ताईने हात धरू का विचारलं तर म्हणाले, "राहू दे. नदीवर तरी कुठं सरळ होत्या? वारा ठेवतो का सरळ?" एका ठिकाणी त्यांनी मोठा वळसा घेतला. तिथे खालून झरा आहे म्हणाले. पलीकडच्या काठाच्या थोडं अलीकडे मात्र ते थांबले आणि त्यांनी सुई खाली ठेवली.

"अजून थोडं राहिलंय की," भटक्या म्हणाला.

"तिथं मी कधीच रोवायचो नाही. तिथून घरं दिसतात. घर दिसलं की माणूस काठ्यांकडे बघत नाही, पळतच सुटतो."

ताई रडता रडता हसली. तिने मला शाई लावली, पुसलं, आणि ठसा काढला. बर्फावर काठ्यांची रांग उभी होती. आप्पा तो कागद ओलाच हातात घेऊन बसले आणि कितीतरी वेळ त्यांनी तो खाली ठेवला नाही.

पुढे एका प्रदर्शनात तो ठसा लागला आणि शेजारी काचेच्या पेटीत मी. लोक यायचे, तोंडात बोट घालायचे. बर्फ कसा छापला, झाडं किती बारीक उतरली, वगैरे. मीही फुशारून जायचो, खोटं कशाला बोलू? आप्पा कोपऱ्यात खुर्चीवर बसून असायचे. काठ्यांबद्दल कुणी काही बोललं नाही. मग एक म्हातारी आली. नदीपलीकडच्या गावची सुईण होती ती. ती चित्रासमोर उभी राहिली आणि तिने चित्रावरच्या काचेवर बोट ठेवलं. अगदी पहिल्या काठीवर. तिथून दुसऱ्या काठीवर, मग तिसऱ्या. झऱ्यापाशी वळसा आला तर तिचं बोट वळशानेच गेलं. शेवटच्या काठीपर्यंत जाऊन मग ती थांबली.

"ह्या वाटेनं मी किती बायकांपर्यंत पोचले," ती म्हणाली. "पाय कधी ओला झाला नाही. हे ज्यानं केलं तो माणूस आहे का हो अजून?"

"आहे की," कोपऱ्यातून आप्पा म्हणाले, आणि उठून उभे राहिले.

लोकांना ठसे हवे होते. पण त्यात एक अडचण होती. सुईने टोचलं की भोकाच्या कडेला तांब्याची बारीक कडा उभी राहते. शाई तिलाच बिलगते आणि त्यामुळे काठी काळीभोर दिसते. रुळाखालून काही वेळा गेलं की ती कडा बसते आणि काठ्या पुसट होतात. झाडं, टेकड्या तशाच राहतात, काठ्या मात्र आधी जातात. ताई म्हणाली, "आता छापायचं नाही. झिजतील."

आप्पा म्हणाले, "वेडी का काय तू! वाट तुडवायचीच असते. छाप. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा रोवू."

आणि खरंच, दर हिवाळ्यात थंडी पडली की आप्पा खाली यायचे, आरसा मांडायचे आणि माझ्यावर काठ्या रोवायचे. मग ताई छापायची. मी त्या दिवसाची वाट बघायचो. ते माझे भरभराटीचे दिवस. मग एका उन्हाळ्यात आप्पा गेले.

त्यानंतर ताईने मला मेणकागदात गुंडाळून कपाटात ठेवलं. हिवाळे आले नि गेले. मला कुणी विचारलं नाही. अंगाला काळपटपणा आला. वाटलं, संपलं आपलं. एका सकाळी कपाट उघडलं. ताई होती. केस पांढरे झालेले. मागे भटक्या, तोही आता काठी टेकत. तिने मला पुसलं, शाई लावली, ठसा काढला. झाडं होती, बर्फ होता. काठ्या जवळजवळ दिसेनाशा झाल्या होत्या.

"पुन्हा टोचूया का?" भटक्या म्हणाला. "पण कुठं, ते आठवतंय तुला?"

"नाही," ताई म्हणाली. तिने तरीही सुई घेतली. अंदाजाने तिने टोक माझ्यावर टेकवलं. मित्रांनो, आम्हा पत्र्यांना बोलता येत नाही. पण माझ्या अंगात आप्पांनी केलेल्या खळग्या होत्या. कडा बसल्या होत्या, पण खळग्या तशाच होत्या, एकात एक, दर हिवाळ्याच्या. सुई जराशी घसरली आणि खट्कन एका खळगीत जाऊन बसली.

ताईने डोळे मिटले आणि सुई पुढे सरकवली. पुन्हा खट्. पुन्हा पुढे. जिथे वळसा होता तिथे सुई आपोआप वळली. तिने एकही काठी चुकवली नाही, आणि मी तिला चुकू दिलं नाही.

"राहिलंय रे," ती भावाला म्हणाली. "आप्पांचं काम राहिलंय."

मित्रांनो, माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. घर आवरताना, भिंत रंगवताना, जुनं काही झटकताना एखादा डाग दिसेल. तो तुम्हाला कळणार नाही. तरी पुसण्याआधी घरातल्या मोठ्या माणसाला एकदा हाक मारा आणि विचारा, हे काय आहे? त्या डागाच्या आधाराने कुणी सुखरूप घरी पोचलेलं असेल. आणि विचारायचं ते आजच विचारा. माणसं खूप दिवस बसून राहत नाहीत.